मयताला बोलावणं नसतं

३ मार्च

ती. ताईस,
सा. नमस्कार.

आई गेली हे तुला कळलं आहे. परवा फोन तुझ्या लेकीने उचलला. मी तिला सांगितलं आणि तिने तुला सांगितल्याचं मला इकडे ऐकू आलं. आधी काहीतरी भांडं पडलं, मग तू म्हणालीस, "ठेव तो फोन." तिने ठेवला. आईला इकडे आणल्यापासून तू माझ्याशी बोलत नाहीस, म्हणून मी पुन्हा फोन केला नाही. लिहितो आहे. या पानांचे फोटो भाचीला पाठवीन. ती छापून तुझ्यासमोर ठेवते म्हणाली. "वाचेल की नाही ते सांगू शकत नाही मामा. पण ठेवीन."

त्रास झाला नाही. सकाळी चहा घेऊन गेलो तर उठली नाही. एवढंच.

मुख्य गोष्ट सांगायची आहे ती ही, की घाई नाही. तुला वाटत असेल सगळं उरकलं असेल. इथं तसं नसतं. आपल्याकडे सकाळी माणूस गेलं तर लोक संध्याकाळपर्यंत थांबू देत नाहीत. इथं थांबावंच लागतं. दहनाची वेळ ठरवून घ्यावी लागते आणि मला १६ तारखेची मिळाली आहे. तोवर आई अंत्यविधीवाल्यांच्या थंड खोलीत आहे. म्हणजे तुला यायला वेळ आहे ताई. तू ये. तिकिटाचं मी बघतो. व्हिसाच्या कचेरीला माझ्याकडून एक पत्र लागतं, ते सोबत पाठवलं आहे. त्यावर मी सही केली आहे.

घरी सगळं ठीक आहे. दिवाणखान्यातला सोफा भिंतीकडे सरकवला आणि खाली चादर घातली, लोकांना बसायला. दार उघडं ठेवलं. मयताच्या घरचं दार लावायचं नसतं हे आईनेच बाबांच्या वेळी मला सांगितलं होतं. मी चादरीवर बसून राहिलो. जिन्यावरून माणसं गेली-आली. दारापाशी आली की मान दुसरीकडे वळवायची. कुणाच्या उघड्या घरात डोकावणं इथं वाईट समजतात. एकाने तर जाता जाता दार हळूच ओढून घेतलं, माझं काम वाचवल्यासारखं. मी उठून पुन्हा उघडलं. थोड्या वेळाने दुसऱ्या कुणीतरी लावलं. असं तीन-चारदा झालं.

मग खालच्या मजल्यावरचे गृहस्थ आले. आई त्यांना "खालचा दादा" म्हणायची. लिफ्ट दुरुस्त करायचे, आता निवृत्त आहेत, एकटेच असतात. म्हणाले, "तुमचं दार उघडं राहिलंय." मी म्हटलं, "या, बसा." त्यांनी बूट काढले, कारण आईने त्यांना ती सवय लावली होती. गुडघे धरून चादरीवर बसले. मी समोर बसलो. आता ते आईचं काही बोलतील म्हणून मी वाट पाहत होतो. मी आत का बोलावलं ते सांगेन म्हणून ते वाट पाहत असावेत. बराच वेळ आम्ही दोघंही चादरीकडे बघत होतो. शेवटी म्हणाले, "दार उघडं असलं की जिना गार पडतो." आणि उठून गेले.

त्यांना माहीतच नव्हतं. आणि मी सांगितलं नाही. घरच्यांनी दारोदार सांगत फिरायचं असतं का?

घर स्वच्छ आहे. गॅस बंद आहे, त्याची काळजी नको.

तुझा,
धाकटा

७ मार्च

ताई,

भाचीचा निरोप आला. पत्र वाचून तू म्हणालीस, "आईच्या मयताला मला निमंत्रण? मयताला बोलावणं असतं का? मग तळाशी छापायचं होतं की, कृपया आहेर आणू नये."

चूक माझी. मी ते समजावून न सांगता पाठवलं. तो कागद तुला नव्हता. कचेरीला होता. तिथल्या माणसाला लेखी हवं असतं, की अमुक माणूस आपल्या बहिणीला अमुक कारणासाठी बोलावतो आहे, ती अमुक ठिकाणी उतरेल आणि अमुक दिवशी परत जाईल. मलाही लिहिताना हात अडखळला. "मी माझ्या बहिणीला आमच्या आईच्या अंत्यविधीसाठी निमंत्रित करीत आहे." तीन वेळा खोडलं. पण दुसरा शब्द त्यांच्याकडे चालत नाही. तू ते फाडलंस असं भाचीने सांगितलं नाही, पण "मामा, आणखी एक प्रत पाठव" म्हणाली त्यावरून समजलो. सोबत दुसरी पाठवतो. ही फाडू नकोस.

इथं सगळं बोलावण्यावर चालतं. आईला पहिल्या महिन्यातच ते खटकलं होतं. म्हणायची, "या बिल्डिंगीत इतकी माणसं आणि कुणी कुणाकडे साखर मागायला जात नाही. सगळ्यांची साखर एकदम कशी पुरते रे?" बसमधून उतरताना लोक ड्रायव्हरचे आभार मानतात, ते ऐकून ती म्हणाली, "त्याने काय खांद्यावर बसवून आणलं?" मग काही दिवसांनी तीही मानायला लागली, आपल्या भाषेत. "येते हो" म्हणायची. ड्रायव्हर हात करायचे.

खालच्या दादांना तिने एकदा वाटीभर खीर पाठवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी वाटी घासून, पुसून, आत आभाराची चिठ्ठी घालून परत आणली. आईचा चेहरा पडला. "रिकामी वाटी परत करतात का कुणी? आवडली नसेल." मी म्हटलं, अगं, इथं तशीच करतात. तिला पटलं नाही. पुन्हा काहीतरी भरून पाठवली. पुन्हा रिकामी आली. ती वाटी दोन वर्षं त्या जिन्यावरून वर-खाली करत होती. आता ती त्यांच्याकडेच आहे.

कामावर गेलो. आईसाठी जेवढी रजा मिळते तेवढी संपली. आमच्या चष्म्याच्या काचांच्या विभागातल्या बाईंनी, म्हणजे आमच्या सुपरवायझरने, एक कार्ड दिलं. त्यावर सगळ्यांच्या सह्या होत्या आणि सगळ्यांनी जवळजवळ एकच वाक्य लिहिलं होतं. त्यानंतर कुणीही विषय काढला नाही. मी चहाच्या खोलीत गेलो की आवाज खाली जातात. मी निघालो की वाढतात. निर्दय नाहीत ही माणसं. दुःखातल्या माणसाला एकटं सोडणं हा इथं त्याचा मान असतो. मला तो मान नको आहे.

अंत्यविधीचं बघणारा माणूस मात्र खूप बोलतो. काळा कोट, मऊ आवाज. पहिला प्रश्न, "किती माणसं येतील?" मी म्हटलं, "सांगता येत नाही. ज्यांना कळेल ती येतील." म्हणाला, "साधारण? खुर्च्या मांडायच्या असतात." बाबांच्या वेळी कुणी मोजलं होतं का? गल्ली भरली होती, आणि त्यातल्या निम्म्यांची आपल्याला ओळखही नव्हती. तो पेन धरून थांबला होता. मी म्हटलं, सहा. सहा कुठून आलं मला माहीत नाही. त्यात तू आहेस.

दुसरा प्रश्न, "चष्मा लावायचा का?" म्हणजे आईला. तिथं लोक शेवटचं बघायला येतात तेव्हा चेहरा ओळखीचा दिसावा म्हणून विचारतात. तिच्या काचा मीच घासल्या होत्या, हे मी त्याला सांगितलं नाही. उत्तरही दिलं नाही. हे मी एकट्याने ठरवायचं नाही असं वाटलं. लावायचा का ताई? एवढं तरी सांग.

आईला भेटायला तिथं जाता येतं, पण आधी वेळ घ्यावी लागते. मी घेतो. कामावरून सुटलो की जातो. छोटी खोली आहे. टेबलावर नाक पुसायच्या कागदांचा डबा ठेवलेला असतो. डबा भरलेला आहे. मला रडू येत नाही. आपल्याकडे कुणीतरी आधी सुरू करतं, मग बाकीच्यांना येतं. बाबांच्या वेळी तू सुरू केलं होतंस. मला एकट्याला सुरुवात करता येत नाही.

तू ये.

धाकटा

१२ मार्च

ताई,

चष्म्याचं तुझं उत्तर मिळालं. "लाव म्हणावं. तिला दिसू दे कोण आलंय आणि कोण नाही." मी काळ्या कोटवाल्याला फक्त पहिलं वाक्य सांगितलं.

आणि दुसरं भाचीने आजच कळवलं. तू गेली होतीस. मला न सांगता, ती दुसरी प्रत घेऊन, सकाळपासून त्या कचेरीच्या रांगेत उभी राहिली होतीस. भाची म्हणाली, काचेपलीकडच्या माणसाने विचारलं, "प्रवासाचं कारण?" तू म्हणालीस, "आई." त्याने विचारलं, "परत कधी येणार?" तू म्हणालीस, "तिला घेऊन लगेच. मला काय करायचंय तिथं राहून?"

आणि त्यांनी नाही म्हटलं. ही बाई परत येईल याची खात्री वाटत नाही, असं लिहून दिलं. जिने लग्नातही माहेरापासून चार घरं सोडून पलीकडे जायला नको म्हटलं, ती परत जाणार नाही, असं त्यांना वाटलं.

मी आज काळ्या कोटवाल्याकडे गेलो. तारीख पुढे ढकला म्हटलं. तो म्हणाला, "आणखी दोन दिवस देऊ शकतो. त्यापुढे खरंच बरं नाही." मी म्हटलं, माझी बहीण यायची आहे. म्हणाला, "निघाल्या का?" मग त्याने १८ तारीख लिहिली. मी पुन्हा अर्ज करायचा कसा ते विचारायला त्या कचेरीच्या इथल्या शाखेत गेलो होतो. भेटीची पुढची वेळ एप्रिलमधली आहे. मी त्या मुलीला म्हटलं, एप्रिलमध्ये कशाला येईल ती? ती म्हणाली, "पर्यटनासाठीही अर्ज करता येतो." तिचा काही दोष नाही. तिच्या समोरच्या यादीत तेवढंच होतं.

ताई, मला आता एक सांगायला हवं, कारण भाचीने फोनवर माझा चेहरा पाहिला आणि ती तुला सांगणारच. परवा मी कामावर पडलो. काचांचा ट्रे हातात होता, तो गेला. कुणाचे तरी नवे चष्मे उशिरा मिळतील. सुपरवायझर बाईंनी विचारलं, "सकाळी काय खाल्लं?" मी म्हटलं, बिस्किटं. "काल?" मी म्हटलं, बिस्किटं. तिथल्या यंत्रात नाणं घातलं की पडतात ती.

आई गेली तेव्हापासून मी गॅस पेटवलेला नाही. मयताच्या घरात चूल पेटवायची नसते, शेजारचे आणून घालतात. बाबांच्या वेळी तर डबे ठेवायला जागा नव्हती. तू ओरडली होतीस, "अहो, पिठलं कुणाचं तेवढं सांगा, पातेलं कुणाला द्यायचं?" मी काही ठरवून उपास केला नाही. पहिल्या दिवशी पेटवला नाही. दुसऱ्या दिवशी वाटलं आज कुणीतरी आणेल. मग आपण होऊन पेटवणं म्हणजे कुणीच येणार नाही हे मान्य करणं, असं काहीतरी झालं. इतकी वर्षं इथं राहून मला हे कळत नाही असं नाही. कळतं. हात पुढे होत नाही.

हे मी बाईंना कसं सांगणार? त्यांनी मला एक माहितीपत्रक दिलं. दुःखातून सावरताना नीट जेवा, असं त्यात लिहिलं आहे.

तू येऊ शकत नाहीस हे मला समजलं. मग निदान बोल. शिव्या दे. आईला नेताना फाटकात उभं राहून तू म्हणाली होतीस, "झाड आहे का ती कुंडीतलं, उचललं की चालली? नेतोस तशी आणून दे मला." ते पुन्हा म्हण. पण भाचीकडून निरोप पाठवू नकोस. मला तुझा आवाज ऐकू दे. भाचीचा फोन सोडला तर या घरात आईनंतर आपल्या भाषेत कुणी एक शब्द बोललेलं नाही. मीसुद्धा नाही.

१८ ला दुपारी फोन लावतील. लांबच्या नातेवाइकांसाठी तिथं सोय असते, भिंतीवर मोठा पडदा आहे आणि आवाजाच्या पेट्या आहेत. भाचीला सगळं समजावलं आहे. तू फक्त समोर बस. माझ्याशी बोलू नकोस हवं तर.

धाकटा

१९ मार्च

ताई,

काल तुला आमच्या बाजूचं काही नीट दिसलं नसेल. फोन एका स्टँडवर आईच्या समोर लावला होता, त्यामुळे माणसं तुझ्या पडद्यावर आली नसणार. म्हणून लिहितो.

सहा खुर्च्या मांडल्या होत्या. तिघं होतो. मी, सुपरवायझर बाई, आणि खालचे दादा. त्यांना मी आदल्या दिवशी खाली जाऊन सांगितलं. दार वाजवून. "माझी आई वारली." ते दाराला धरून उभे राहिले. म्हणाले, "मला वाटत होतंच. त्या दिवशी त्या दिसल्या नाहीत, तेव्हाच. मी रोज तुमच्या मजल्यापर्यंत चढत होतो. पण तुम्ही काही बोलावलं नाही." मी म्हटलं, "दार उघडं होतं ना." ते म्हणाले, "म्हणूनच तर. उघड्या दारातून आत कसं यायचं?"

आम्ही दोघंही मूर्खच.

तर काल. आधी तुझ्याकडचा पंखा दिसला. मग तुझं कपाळ. मग भाचीने फोन नीट धरला आणि तू दिसलीस. केस पिकले तुझे. काळ्या कोटवाल्याने दोन शब्द वाचले, मग विचारलं, कुणाला काही बोलायचं आहे का? सगळे मला वेळ देत होते. इथं वेळ फार देतात.

आणि तू सुरू केलंस.

तो आवाज तिकडे तुझ्या खोलीत कसा असेल मला माहीत नाही. इथं तो चारही भिंतींमधल्या पेट्यांतून आला. "आई गंऽऽ, मला न विचारता गेलीस गं, आणि न विचारताच... थंडीत ठेवलं गं तुला, तुला तर पंखाही सोसत नव्हता..." सुपरवायझर बाई दचकून उभ्याच राहिल्या. काहीतरी बिघडलं असं वाटून तिथला माणूस आवाज कमी करायला धावला. खालच्या दादांनी हात आडवा केला. त्यांना एक शब्द कळत नव्हता. म्हणाले, "राहू द्या. तसंच राहू द्या."

मग मला सुरू करता आलं.

मध्येच तू थांबलीस, नाक ओढलंस आणि म्हणालीस, "चष्मा तिरका लावलाय." आणि लगेच पुन्हा "आई गंऽऽ". ते तू मला म्हणालीस की कुणालाच नाही, मला अजून कळलेलं नाही. पण मी उठलो आणि सरळ केला. डाव्या कानामागची काडी वर राहिली होती. काचांचं काम माझं, आणि दिसलं ते तुला.

आत नेण्याआधी त्यांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला. काच जळत नाही. माझ्याकडे आहे तो.

फोन तू बंद केलास की रेंज गेली, तेही कळलं नाही. माझ्याशी तू बोलली नाहीस. मी तक्रार करत नाही.

घरी आलो. संध्याकाळी खालचे दादा आले, हातात तीच वाटी. या वेळी भरलेली होती. उकडलेले बटाटे. मीठ घालायला विसरले होते. मी त्यांच्यासमोर चादरीवर बसून सगळे खाल्ले. ते म्हणाले, "वाटीचं मला फार उशिरा लक्षात आलं. त्या रागावल्या होत्या का?" मी म्हटलं, नाही. खोटं बोललो. नंतर मी गॅस पेटवला आणि दोघांपुरता चहा केला.

आता ऐक. रजा नव्हती, ती मागितली. बाईंनी कारण लिहायला सांगितलं. मी लिहिलं, बहीण. त्यांनी काही न विचारता सही केली.

आईला घेऊन येतो आहे. नेली तशी आणता येत नाही ताई. एवढीशी झाली आहे, मांडीवर मावते. विमानात मांडीवरच ठेवणार आहे. वर सामानात नाही.

तू घरात घेशील की नाही याचं उत्तर मी भाचीला विचारलेलं नाही आणि तिनेही सांगू नये. तू बोलावलेलं नाहीस. पण मयताला बोलावणं नसतं, हे तूच मला सुनावलं होतंस. त्याच हिशेबाने मी निघालो आहे. सोमवारी दुपारी पोचेन. फोन करणार नाही. कडी वाजवणार नाही, तेवढं बळ माझ्यात नाही. फाटकापर्यंत येईन आणि बघेन.

दार उघडं ठेव.

धाकटा